‘सुविधा’ आणि ‘सोय’ : सरकारी कापडगिरण्यांतील कामगार-कल्याणाच्या भाषेचे परीक्षण

गिरणी कामगारांविषयीचे मराठी लेखन ढोबळमानाने दोन प्रकारचे आहे. एक कायद्याचे, नियमांचे, अहवालांचे आणि गिरणीच्या फाटकातील सूचनाफलकांचे. दुसरे कथा, कविता व नाटक यांचे. आपल्या विभागांत दुसऱ्या प्रकाराचे अध्ययन वाङ्मय म्हणून होते आणि पहिला प्रकार अर्थशास्त्राकडे सोपवून आपण मोकळे होतो. ही वाटणी सोयीची असली तरी बरोबर नाही. ज्या गद्याने लक्षावधी मराठी माणसांचे हक्क, त्यांच्या जेवणाच्या वेळा आणि त्यांच्या मुलांचे पाळणे ठरविले, त्या गद्याचेही भाषिक परीक्षण व्हावयास हवे. प्रस्तुत लेखात ते एका मर्यादित क्षेत्रापुरते करावयाचे आहे. सरकारच्या मालकीच्या मुंबईतील कापडगिरण्या आणि तेथे कामास गेलेला जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांतील माणूस, हे ते क्षेत्र होय.

हे दोन तालुके निवडण्याचे कारण असे. नाणेघाट व माळशेज घाट यांच्या माथ्यावरील या मुलखाला मुंबई फार दूर नाही. गिरणगावात ज्यांना सरसकट ‘घाटी’ म्हटले गेले, त्यांच्यापैकी हे अगदी नजीकचे घाटी. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या लॉरीखाली ज्याने प्राण दिला तो बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा, आणि तो गिरणी कामगार होता. येथील माणसाचे गाव सुटले नाही आणि मुंबईही सुटली नाही. ‘कामगार-कल्याण’ या शब्दाची कसोटी अशा दोन ठिकाणी पाय असलेल्या माणसावर चांगली लागते. कारण कायद्याने कल्पिलेला कामगार फाटकाच्या आत सुरू होतो आणि फाटकाशी संपतो.

आता थोडा इतिहास. नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनची स्थापना 1968 साली झाली. 1974 च्या कायद्याने देशातील 103 गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर, 1983 मध्ये मुंबईतील आणखी 13 गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने हाती घेतले व 1995 च्या कायद्याने त्या सरकारच्या मालकीच्या झाल्या. 1974 च्या कायद्याच्या नावातच गिरण्यांना ‘आजारी’ ठरविलेले आहे. हे रूपक मराठीत इतके रुळले की त्याचे रूपकत्व आज जाणवतही नाही. गिरणी आजारी पडते, सरकार तिची शुश्रूषा करते. मात्र ती आजारी कोणी पाडली, हा प्रश्न या क्रियापदापाशी उभाच राहत नाही. ‘गिरणी बंद पडली’ या वाक्याचेही तसेच. ‘पडणे’ला कर्ता लागतो, करणारा लागत नाही.

सरकारी गिरणीत कल्याणाची व्यवस्था काय असावी, हे मुख्यतः 1948 च्या कारखाने कायद्याने ठरविले होते. त्यातील पाचवे प्रकरण ‘कल्याणा’चे. हात-तोंड धुण्याची जागा, कपडे ठेवण्याची व वाळविण्याची व्यवस्था, उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची तजवीज, प्रथमोपचाराची पेटी. 250 हून अधिक कामगार असल्यास कँटीन. 150 हून अधिक असल्यास विश्रांतीची व डबा खाण्याची खोली. 500 वा अधिक असल्यास कल्याण अधिकारी. आणि 50 हून अधिक स्त्रिया असल्यास पाळणाघर. ही शेवटची संख्या 1976 च्या दुरुस्तीने 30 वर आली. या तरतुदी क्षुल्लक नव्हेत. तंतूंनी भरलेल्या हवेत आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला वाहत्या पाण्याचा नळ ही लहान गोष्ट नसते. परंतु सरकारी गिरणी म्हणजे आदर्श मालक, अशी जी अपेक्षा राष्ट्रीयीकरणाच्या वेळी बोलून दाखविली गेली तिची मोजणी कशाने व्हावयाची, तर या यादीने. यादीतील प्रत्येक बाबीपुढे ‘आहे’ वा ‘नाही’ लिहिता येते. तिच्यात क्रियापदाला फारसे काम उरत नाही.

‘कल्याण’ हा शब्द या ठिकाणी कसा आला, हे पाहणे उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या क्षेत्रात वावरणारा शब्द ‘हित’ हा होता. सीताराम केशव बोले यांच्या संस्थेचे नाव ‘कामगार हितवर्धक सभा’ असे होते. 1911 मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि ‘सेवा’ पुढे आली. स्वातंत्र्यानंतर कायद्यांच्या ओघात ‘कल्याणा’ने दोहोंची जागा घेतली. 1953 साली मुंबई राज्याचा कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. 1960 मध्ये भाषा संचालनालय निघाले, 1962 मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला, आणि शासकीय मराठीची पदनामे पक्की होत गेली त्यांत ‘कल्याण अधिकारी’ स्थिरावला.

हित, सेवा आणि कल्याण यांचे व्याकरण सारखे नाही. हित माणूस स्वतः जाणतो, त्यासाठी भांडतो. ‘आपले हित पाहणे’ यात काही वावगे नाही. सेवेत करणारा दिसतो. कल्याण मात्र मराठीत परंपरेने वडीलधाऱ्याच्या तोंडी येते. ते आशीर्वादाचे पद आहे. कल्याण ‘होते’ किंवा दुसरा कोणी ते ‘करतो’. ज्याचे व्हावयाचे तो षष्ठीत बसून राहतो. याची खूण अशी की ‘त्याने स्वतःचे कल्याण करून घेतले’ असे आपण म्हणतो तेव्हा ते उपरोधानेच म्हणतो. ज्या शब्दाचा आत्मवाचक प्रयोग केला की लबाडीचा वास येतो, तो शब्द कामगाराच्या हक्कांसाठी निवडला गेला. निवडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मला म्हणावयाचे नाही. पण शब्द आपले काम करीतच राहतो.

1953 च्या कायद्याचेच पाहावे. त्या निधीत काय जमा व्हावयाचे? कामगारांकडून वसूल झालेले दंड आणि मालकाकडे पडून राहिलेली न दिलेली देणी, या त्यातील दोन मुख्य बाबी. म्हणजे कामगाराच्याच पगारातून कापलेला वा त्याला न पोचलेला पैसा ‘कल्याण’ होऊन त्याच्याकडे परत यावयाचा. न दिलेल्या देण्यांविषयीच्या तरतुदी 1957 साली सर्वोच्च न्यायालयात टिकल्या नाहीत व पुढे कायदा दुरुस्त करावा लागला, ही कायदेपंडितांची गोष्ट. भाषेच्या अभ्यासकाने एवढेच नोंदवावे की ‘कल्याण करणारा कोण’ या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कामगार’ असे असतानाही वाक्यात त्याला कर्त्याचे स्थान मिळाले नाही.

‘कल्याणा’चे अनेकवचनी रूप ‘सुविधा’. आता जुन्नरकडचा माणूस नोकरीसाठी मुंबईस गेला म्हणजे गावात काय विचारले जाई? ‘त्याला सुविधा मिळाल्या का’, असे कोणी विचारीत नसे. ‘त्याची सोय झाली का’, असे विचारीत. या सोयीत निजावयाची जागा, जेवणाचे ठिकाण आणि गिरणीत कोणीतरी शब्द टाकून मिळवून दिलेली बदलीची पाटी, हे सर्व एकत्र असे. ‘सुविधा’ आणि ‘सोय’ हे कोशात समानार्थी वाटतील, पण त्यांचा वापर तपासला तर दोन वेगळी जगे दिसतात. सुविधा ‘असते’, ‘उपलब्ध असते’, ‘पुरविली जाते’. सोय ‘होते’, ‘लागते’, ‘लावावी लागते’, ‘पाहावी लागते’ आणि ‘केली’ म्हटले की लगेच ‘कोणी?’ असे येते. सुविधा सर्वांसाठी असते. सोय अमक्याची असते. सुविधेचा हिशेब संख्येने होतो, सोयीचा ओळखीने. ‘सोयरा’ हा शब्द तिच्याशी व्युत्पत्तीने जोडता येतो की नाही हा वाद बाजूला ठेवू. बोलणाऱ्याच्या कानात ते दोन शब्द शेजारी राहतात एवढे निश्चित.

या सोयीची स्वतःची परिभाषा होती, आणि ती गिरणगावाने घडविली. ‘गाळा’ म्हणजे मुळात दोन खांबांमधला वा दोन भिंतींमधला भाग. गिरणगावात तो एका गावच्या किंवा एका भावकीच्या पुरुषांनी मिळून धरलेल्या खोलीचा वाचक झाला. तीन पाळ्यांच्या गिरणीला तीन पाळ्यांची झोप लागे. एकाने अंथरूण सोडले की दुसऱ्याने त्यावर अंग टाकावयाचे. प्रत्येकाची एक ट्रंक व एक खुंटी. सरकारने घरे बांधली नाहीत असे नाही. 1920 नंतर विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे 207 चाळी उभारल्या, त्यांतील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. त्या खोल्यांतही बिऱ्हाडाबरोबर गावचे लोक राहू लागले आणि सरकारी ‘सुविधे’त ‘सोय’ शिरली.

‘खाणावळ’ हा शब्द (‘खानावळ’ असाही तो लिहितात) याहून अर्थपूर्ण आहे. मराठीत ‘णावळ’ हा अंत्यभाग कामाच्या मोबदल्याचा वाचक आहे : शिवणावळ, दळणावळ, घडणावळ, धुणावळ. त्या न्यायाने खाणावळ म्हणजे प्रथम खाण्याबद्दल द्यावयाचे पैसे आणि मग ते देऊन जेथे जेवावयाचे ते ठिकाण. शब्दाच्या पोटातच देणाराही आहे आणि करणाराही. ‘कँटीन’मध्ये यांपैकी काही नाही, ते एक स्थळ आहे. कायद्याने कँटीनची इमारत, भांडी, दर, व्यवस्थापन समिती यांची काळजी घेतली होती; खाणावळ मात्र एका बाईच्या चुलीवर उभी होती. महिन्याच्या पगाराला पैसे, आणि मधल्या काळात विश्वास. संप झाला की हा विश्वास उधारीत बदले. बाई दागिना गहाण ठेवी आणि भाकरी थापीत राही. खाणावळीतील जेवणाऱ्याला तिने ‘भाऊ’ म्हणावयाचे आणि त्याने तिला ‘मावशी’ किंवा ‘वहिनी’; या संबोधनांनी उधारीला नात्याचे तारण मिळे. अर्थशास्त्राच्या भाषेत याला काय म्हणतात मला ठाऊक आहे, पण ती संज्ञा येथे नको.

ही बाई कोण होती, हा प्रश्न पाळणाघराशी जाऊन भिडतो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत सुमारे एक-पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात प्रसूती-लाभाचा कायदा झाला. त्या विधेयकाच्या बाजूने डॉ. आंबेडकर विधिमंडळात बोलले होते. पुढे रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांची फेररचना आणि स्त्रियांवरील हा वाढीव खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती यांमुळे स्त्रिया गिरणीतून कमी होत गेल्या. कायद्यात पाळणाघर स्त्रियांच्या संख्येवर अवलंबून होते. स्त्रिया घटल्या की पाळणाघराचे बंधनही विरघळले, आणि यादीत कोठेही नियमभंग दिसला नाही. त्या स्त्रिया गेल्या कोठे? पुष्कळशा चुलीकडे, म्हणजे खाणावळीकडे. गिरणीच्या नोंदीतून जी बाहेर पडली तीच फाटकाबाहेर बसून गिरणीचे मनुष्यबळ रोज उभे करीत होती. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा प्रथमच त्या कोणत्या तरी सार्वजनिक नोंदवहीत आल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की बँकेच्या नोंदवहीत त्या आल्या, गिरणीच्या नाही. गिरणी त्याच सुमारास सरकारची झाली होती.

एक विषयांतर क्षम्य मानावे. जुन्नरच्या एका प्राकृत शिलालेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याची पोढी दान दिल्याचे आले आहे. तेथे दानाचा कर्ता श्रेणी आहे, आणि ती प्रथम नोंदविलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अर्ध्या ओळीच्या प्राकृताने जे व्याकरण पाळले ते आपल्या कल्याणविषयक गद्याला जमले नाही, असे हे लेख वाचताना वाटत राहते.

गावाच्या बाजूने पाहिले तर ‘सुविधा’ आणखी अपुरी पडते. विम्याचे रुग्णालय परळला आणि बायको, म्हातारे आईबाप ओतूरला किंवा घोडेगावला. मग कुटुंबाच्या उपचाराचा हक्क कागदावर राही. गावाला जाई ती मनीऑर्डर. गावच्या मुंबईकर मंडळाची वर्गणी जाई, आणि तिच्यातून देवळाचा सभामंडप, शाळेची खोली, यात्रेचा खर्च निघे. ‘वर्गणी’ आणि ‘कपात’ यांतील भेद कोणत्याही कामगाराला समजावून सांगावा लागला नसता. नारायणगावला पाडव्याच्या आधी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेकरी सुपारी द्यावयास येतात. तोच फड लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणीच्या प्रेक्षकांपुढे उभा राही. करमणूक ही कल्याण केंद्राच्या कार्यक्रमपत्रिकेतील एक बाब होती. येथे ती गाव आणि गिरणगाव यांच्यातील येरझारीचा भाग होती. मागे राहिलेल्या बाईचे मुंबईविषयीचे मत जर कोठे सापडत असेल तर ते जात्यावरच्या ओव्यांत. गी पॉयतवँ व हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यात व अन्यत्र जमविलेल्या लाखाहून अधिक ओव्यांचा या दृष्टीने अभ्यास झाला पाहिजे. कामगार-कल्याणावरील कोणत्याही समितीने तिची साक्ष घेतलेली नाही.

आता वाङ्मयाकडे वळू. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ ही कादंबरी गिरणीला मराठी कादंबरीत आणणाऱ्या आरंभीच्या कृतींपैकी. पण तिची दृष्टी मालक-मजूर प्रश्न सोडविण्याकडे लागलेली आहे, आणि प्रश्न सोडविणाऱ्याला ‘कल्याणा’ची भाषा जवळची वाटते. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (1962) व ‘माझे विद्यापीठ’ (1966) या संग्रहांत ती भाषा जवळजवळ नाहीशी होते. त्यांच्या कवितेतला कामगार काही मागतो तेव्हाही षष्ठीत बसून मागत नाही. हा कवी गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून वाढविलेले अनाथ मूल होता, हे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. समीक्षक त्याचा उपयोग हळवेपणासाठी करतात. मला ते वेगळ्या कारणाने महत्त्वाचे वाटते : कोणत्याही पाळणाघराच्या नियमात न बसणारी ती ‘सोय’ होती, आणि सुर्वे यांच्या कवितेतील नातेवाचक शब्दांचा भरवसा तेथून येतो. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (1997) या नाटकाने संपानंतरचे गिरणगाव एका चाळीतल्या खोलीत आणले. रंगमंचावर गिरणी नाही. घर आहे, आणि त्या घरातील सोयी एकेक करून उसवत आहेत. या नाटकावर ‘गिरणी दिसत नाही’ असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. माझ्या मते तेच त्याचे बळ आहे. पवारांनी फाटकाबाहेरची नोंदवही उघडली.

इतके लिहिल्यावर ‘सोयी’ची बाजू घेऊन थांबणे सोपे आहे, ते मी करणार नाही. सोय ओळखीने होते, म्हणून ज्याची ओळख नाही त्याची ती होत नाही. गाळा गावाचा होता याचा अर्थ तो बहुधा जातीचाही होता. विणाई खात्यात धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागतो या सबबीवर अस्पृश्य कामगारांना तेथे घेत नसत. हा विरोध मालकांइतकाच सहकाऱ्यांचा होता, आणि 1928-29 च्या संपांच्या काळात आंबेडकरांनी तो प्रश्न उघडपणे मांडला. त्या कामगाराच्या दृष्टीने ‘सर्वांसाठी उपलब्ध’ हे निर्जीव वाटणारे वाक्य मुक्तीचे होते. कायद्याचा नळ जात विचारीत नाही. निदान त्याने विचारू नये असे लिहून ठेवलेले असते, आणि लिहिलेल्यावर भांडता येते. अनामिक सुविधेचे हे मोल खाणावळीच्या मावशीविषयी लिहिणाऱ्यांनी विसरू नये. माझा आक्षेप सुविधेवर नाही. आक्षेप आहे तो, सुविधेच्या यादीलाच कामगाराच्या सामाजिक जीवनाची पूर्ण नोंद समजणाऱ्या गद्यावर.

हा आक्षेप केवळ शैलीचा नाही, हे गिरण्या बंद झाल्या तेव्हा दिसले. सरकारी गिरण्यांतील कामगारांनी निवृत्ती ‘घेतली’, तीही ‘ऐच्छिक’. अनेक कामगार मात्र ‘व्हीआरएस दिली’ असे म्हणतात, आणि त्या एका क्रियापदात त्यांनी विशेषणाचा निकाल लावलेला आहे. रकमेचा हिशेब सेवेच्या वर्षांवर झाला. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे द्यावयाचे ठरले व 2012 मध्ये पहिली मोठी सोडत निघाली. तेथे 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर असणे ही पात्रता ठरली. हजेरीपट, तिकीट क्रमांक, भविष्यनिधीची चिठ्ठी हे पुरावे. कोणता तरी पुरावा हवाच, हे मान्य. पण तीस वर्षे वीस-वीस माणसांना जेऊ घालणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच पटावर नव्हते. गाळ्यात अर्धे आयुष्य काढलेल्या माणसाजवळ भाड्याची पावती असलीच तर दुसऱ्याच्या नावाची. बदली कामगाराचे दिवस तुकड्यातुकड्यांचे. ‘बदली’ हा आपला शब्द 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा घेतला आणि त्याची व्याख्याही केली. गिरणगावच्या बोलीतील इतक्या शब्दांपैकी कायद्याला हवासा वाटला तो हा एक. ‘खाणावळ’ आणि ‘गाळा’ यांची व्याख्या करण्याचे कारण कोणाला पडले नाही, आणि ज्याची व्याख्या नाही त्याची भरपाईही नाही.

मुंबईत प्रभादेवीला कामगार कल्याण मंडळाची जी इमारत आहे तिचे नाव ‘हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन’ असे आहे. त्याच्या तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले, त्या जलाशयालाही ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ असे नाव दिले गेले. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते जुने आंबेगाव त्या पाण्याखाली गेले. दोन्ही फलकांवर ‘हुतात्मा’ हे पद आहे. ‘गिरणी कामगार’ हे शब्द फक्त मुंबईच्या फलकावर आहेत, आणि तेथेही ते इमारतीचे विशेषण म्हणून आले आहेत.